हजेरीचे सहा गुण

सभागृहाचं नाव शिंपला.
आत इतका गारठा की नैरोबीचे डॉक्टर
पोहायचे टॉवेल खांद्यावर घेऊन बसलेत.
छातीवरच्या बिल्ल्यात कबाले गुयो, मार्साबित,
आणि पुढे कुणीतरी ‘श्री.’ लावून मला पुरुष केलंय.
असू दे. सहा गुण श्रीलाही मिळतात,
आणि सहा गुणांवाचून परवाना पुढे सरकत नाही.

पडद्यावर मांजराचा जबडा.
डॉक्टर वांजोही दाढेच्या मुळाशी लाल ठिपका नाचवतात:
इथे सूज, इथे पू, भूल इतकी.
चांगलं शिकवतात. मी उतरवून घेते.
माझ्या भागात मांजरं मोजकी,
त्यांचे दात ती स्वतःच बघतात.
मग दुसरं सत्र, कळपांचं आरोग्य उपग्रहावरून.
उंटावरून शेळ्या हाकणारे खूप पाहिले,
हे त्याहून उंच.
हसू आलं, ते नॅपकिनने पुसलं.

जेवायला खेकडा.
अडलेल्या उंटिणी सोडवणारे माझे हात
चांदीच्या अडकित्त्याशी झटापट करत राहिले.
वाढायला आलेल्या म्वानाकोम्बोने
दोन टिचक्यांत कवच उघडून दिलं.
‘नांगी आधी, डॉक्टर,’ म्हणाली,
आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

दुपारी मूत्रपिंडं होती. मी वाळूत उतरले.

तिथे, डियानीच्या त्या निळ्याशार पाण्यासमोर,
उंट.
झुलीला आरसे, गळ्यात प्लास्टिकची फुलं,
पाटीवर नाव ‘कॅप्टन’. फेरी पाचशे शिलिंग.
पुढचा डावा पाय असा टेकवत होता
जसं कुणी उसनं आणलेलं भांडं खाली ठेवावं.

‘कधीपासून लंगडतोय?’
‘नाटकं, मॅडम. दर सोमवारी.’
बाकारी, सतराचा असेल, गॉगल कपाळावर.
मी बिल्ला दाखवला. त्याने वाचलं, ‘श्री. कबाले?’
‘बसव त्याला.’
त्याने स्वाहिलीत सांगितलं. उंट ढिम्म.
मग मी घशातून तो आवाज काढला,
आमच्याकडे विहिरीपाशी काढतात तो.
त्याची मान वळली.
गुडघे मोडले, आधी पुढचे, मग मागचे,
मग एकदम सगळं वजन.

तळव्याच्या गादीत पोवळ्याचा तुकडा,
करंगळीच्या नखाएवढा.
बारमधला बर्फाचा चिमटा, पर्समधलं आयोडीन.
(लोक समुद्रावर येताना क्रीम आणतात.)
पू आला, वास आला,
आणि तीन दिवसांत पहिल्यांदा
मला घरी असल्यासारखं वाटलं.

मान चोळताना झुलीखाली बोटांना
जुना डाग लागला: दोन रेघा, एक आकडी.
मामांच्या कळपाची खूण एक रेघ, एक आकडी.
दुसरी रेघ नंतरची असेल, किंवा ओरखडा,
किंवा मलाच हवी तशी वाचायची असेल.
वर केस उगवलेत.
पाऊस चुकला त्या वर्षी मामांनी मोयालेच्या बाजारात
अकरा विकले होते, आणि परत येताना
सबंध वाट एका बकरीबद्दल बोलत होते.

आमच्याकडे मिठासाठी उंट
चार-चार दिवस चालवत नेतात,
चाल्बीच्या पांढऱ्या तळापर्यंत.
याच्यासमोर आभाळाला टेकेल इतकं मीठ,
आणि हा चाटत होता माझं मनगट,
घामाचं, जेमतेम एक चमचा.
खाल्ल्या मिठाला कोण जागतं,
मला विचारू नका. मी त्याला उठवलं.

‘चार दिवस फेरी नाही.’
‘तीन.’
साडेतीनवर ठरलं.
अर्धा दिवस उंटाला कसा समजावायचा
ते दोघांनीही विचारलं नाही.

संध्याकाळी दारावरच्या यंत्राने
माझ्या नावापुढे चार दाखवले.
डॉक्टर वांजोही म्हणाल्या,
‘दुपारी दिसला नाहीत. मूत्रपिंडाचं सुरेख झालं.’
माझ्या बुटांत वाळू, नखांत तपकिरी डाग.
‘मी पायाच्या सत्राला होते,’ म्हणाले.
त्या कार्यक्रमपत्रिका उलटून
शोधू लागल्या.